बेघरांचा निवारा व भाडेकरूंचे हक्क : मुंबई शहराचा दाखला

शिरगणतीच्या कामांत एक रात्र अशी असते कीं, त्या रात्रीं गणना करणारे लोक कोणाच्या घराचें दार ठोठावीत नाहींत. ते रेल्वेस्टेशनें, पुलांखालच्या जागा, देवळांच्या ओसऱ्या व रस्त्याकडेचे फूटपाथ पाहत फिरतात, आणि जेथें कोणी उघड्यावर निजलेला आढळेल तेथें त्याची नोंद करतात. सन २०११ च्या शिरगणतींत ही रात्र २८ फेब्रुवारीची होती. त्या एका रात्रींत सबंध भारतांत १७ लक्ष ७३ हजार माणसें बेघर आढळलीं, व त्यांपैकीं सुमारें ५७ हजार एकट्या मुंबईंत होतीं. रात्रपाळीचा हमाल, गोदामाच्या दाराशीं बसलेला पहारेकरी, मार्केटांत पहाटेच्या गाड्या उतरविणारा मजूर, हीं माणसें त्या वेळीं निजलेलींच नसतात. तेव्हां हा आंकडा कमींत कमी समजावा हें बरें.

आतां आमच्या विद्यार्थी वाचकांपैकीं कोणी म्हणेल कीं, मुंबईच्या फूटपाथांशीं खर्ड्याचा संबंध काय? १७९५ सालची खर्ड्याची लढाई आपण सारे पाठ करतों. मराठ्यांच्या व निजामाच्या फौजा कोठें उतरल्या होत्या तेंहि नकाशावर दाखवितों. परंतु दरसाल दसऱ्यानंतर याच जामखेड तालुक्यांतून जीं कुटुंबें बैलगाड्या व ट्रॅक्टर भरून उसाच्या फडावर जातात व तेथें पाचटाची कोपी करून चार-सहा महिने काढतात, त्यांची छावणी कोणत्याहि नकाशावर नसते. जो फडावर जात नाहीं तो पुण्या-मुंबईची वाट धरतो. पाऊस हुलकावणी देतो, विहीर आटते, आणि माणूस शहरांत येऊन उभा राहतो. तेथें त्याला काम एक-दोन दिवसांत मिळतें. घर मात्र मिळत नाहीं. शहरांतील बेघरपणाचें सगळें कोडें या दोन गोष्टींच्या अंतरांत आहे.

आपल्याच जिल्ह्यांतील संगमनेरच्या एका गृहस्थाची हकीकत सर्वोच्च न्यायालयाच्या एका प्रसिद्ध निकालांत नमूद आहे. हा गृहस्थ चांभारकाम करून दिवसाला सात-आठ रुपये मिळवीत असे. गांवांतलें त्याचें घर, घर म्हणण्याजोगें तें होतें तितकें, कोसळलें, आणि १९६९ सालीं तो मुंबईस आला. तेथें त्यास बदली कामगार म्हणून महिना ३५० रुपयांची नोकरी लागली. राहावयास तुळशीवाडीच्या फूटपाथवर जागा मिळाली. पण तीहि फुकट नव्हे! तेथल्या एका गुंडास ३०० रुपये द्यावे लागले, व बांबू आणि प्लॅस्टिकच्या कागदास ७०० रुपये पडले. विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा: सरकारच्या मालकीच्या रस्त्यावर एक झोपडें उभें करण्यास या माणसाचा जवळजवळ तीन महिन्यांचा पगार खर्ची पडला. फूटपाथवर राहणारा मनुष्य काहींच मोल देत नाहीं, असें जें सर्रास बोललें जातें तें किती पोकळ आहे हें यावरून दिसेल. तो मोल देतो. मात्र तें शहराच्या तिजोरींत जात नाहीं, आणि पावतीहि मिळत नाहीं.

१३ जुलै १९८१ रोजीं, ऐन पावसाळ्यांत, त्या वेळचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनीं जाहीर केलें कीं, मुंबईंतील फूटपाथवर राहणाऱ्यांस उठवून ज्याच्या त्याच्या मुलखांत पोंचविण्यांत येईल. त्याप्रमाणें झोपडीं पाडण्यांत आलीं व माणसांस मोटारगाड्यांत बसवून रवाना करण्यांत आलें. याच खटल्यांतील दुसरा एक अर्जदार तमिळनाडूंतील सेलमचा भूमिहीन मजूर होता. २३ जुलै रोजीं त्याचें झोपडें मोडून त्यास सहकुटुंब सेलमच्या गाडींत बसविलें. बायको व मुली तिकडेच राहिल्या. तो मात्र कामासाठीं मुंबईस परतला व पुनः फूटपाथवरच राहूं लागला. संगमनेरच्या माणसाचें झोपडें त्यापूर्वींच पडलें होतें व त्यानें तें पुनः उभारलें होतें. पोट जेथें भरतें तेथें माणूस परत येतो. त्यास गाडींत घालून धाडल्यानें प्रश्न फक्त कांहीं दिवस दूर जातो.

या लोकांच्या वतीनें पत्रकार ओल्गा टेलिस प्रभृतींनीं केलेल्या अर्जांचा निकाल १० जुलै १९८५ रोजीं लागला. पांच न्यायमूर्तींच्या पीठाचे अध्यक्ष होते मूळचे पुण्याचे सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड, आणि दुसऱ्याच दिवशीं ते निवृत्त व्हावयाचे होते. या निकालाचें स्वरूप नीट समजून घेतलें पाहिजे, कारण त्याविषयीं दोन्ही बाजूंनीं अतिशयोक्ति होते. न्यायालयानें असें ठरविलें कीं, घटनेच्या २१ व्या कलमानें दिलेल्या जीविताच्या हक्कांत उपजीविकेचा हक्क येतो. कारण ज्याचें पोटाचें साधन काढून घेतलें त्याचें जीवितच काढून घेतल्यासारखें आहे. राहण्याची जागा गेली कीं काम जातें, हेंहि न्यायालयानें मान्य केलें. परंतु फूटपाथवर घर करून राहण्याचा हक्क कोणासहि आहे असें मात्र त्यानें म्हटलें नाहीं. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याचें ३१४ वें कलम, ज्या अन्वयें रस्त्यावरील अडथळा नोटीस न देतांहि हलवितां येतो, तें वैध ठरलें; मात्र सामान्यतः नोटीस देऊन म्हणणें ऐकून घ्यावें असा त्याचा अर्थ लावण्यांत आला. १९७६ सालच्या झोपडपट्टी-गणनेंत ज्यांची नोंद होऊन ओळखपत्रें मिळालीं होतीं त्यांस पर्यायी जागा द्यावी, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरून एक महिना होईपर्यंत, कोणास उठवूं नये, असा हुकूम झाला.

यापुढें नोंदीची तारीख हाच शहरांतील गरिबाच्या नशिबाचा कळीचा मुद्दा झाला. प्रथम १९७६ ची गणना. पुढें झोपडपट्टी पुनर्वसन योजनेंत १ जानेवारी १९९५. त्यानंतर १ जानेवारी २०००. या तारखेपूर्वींचा पुरावा ज्यापाशीं असेल तो पात्र, नसेल तो अपात्र. एकाच गल्लींत समोरासमोर राहणारे दोघे, एकाचें रेशनकार्ड डिसेंबरचें व दुसऱ्याचें फेब्रुवारीचें, एवढ्यावरून एकास पक्कें घर मिळे व दुसऱ्याचें झोपडें मोडे. सरकारला कोठें तरी रेघ ओढावी लागते हें खरें. पण पत्र्याच्या पेटींत जपून ठेवलेला कागद भिंतींहून मोलाचा ठरावा, ही कांहीं समाधानाची गोष्ट नव्हे.

ज्याच्यापाशीं कोणताच कागद नाहीं त्याच्याकरितां शहरानें करावयाची सर्वांत पहिली सोय म्हणजे निवारा-गृह. सन २०१० मध्यें, दिल्लींत थंडीनें बेघरांचे मृत्यु झाल्यावर, सर्वोच्च न्यायालयानें मोठ्या शहरांत दर लक्ष वस्तीमागें निदान एक निवारा असावा व तो चोवीस तास आणि बारा महिने उघडा असावा असें फर्माविलें. २०१३ सालीं केंद्र सरकारनें आंखलेल्या योजनेंत एका निवाऱ्यांत निदान ५० माणसांची सोय व दर माणशीं ५० चौरस फूट जागा असें माप घातलें. मुंबईची वस्ती २०११ सालीं १ कोटी २४ लक्ष होती. म्हणजे तेथें १२० हून अधिक निवारे हवेत. प्रत्यक्षांत उघडलेले निवारे त्याहून फारच थोडे. जागा महाग हें कारण सांगतात, व तें खोटें नाहीं; परंतु दुसरेंहि एक कारण आहे. बेघर म्हणजे एकटा पुरुष असें पुष्कळ अधिकारी गृहीत धरतात. मुंबईच्या फूटपाथवर तर चूल मांडून सबंध कुटुंबें राहतात. बायको एका निवाऱ्यांत, नवरा दुसऱ्यांत व चीजवस्तु रस्त्यावर, ही व्यवस्था कोणतें कुटुंब पत्करील? येथें एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी: घर नसलें म्हणून मत जात नाहीं. निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणें बेघर माणसानें जी जागा सांगितली असेल तेथें अधिकाऱ्यानें रात्रीं जाऊन तो तेथें निजतो याची खात्री करावयाची असते. वास्तव्याचा कागदी पुरावा त्याजकडे मागावयाचा नसतो.

आतां दुसरा वर्ग पाहूं. यांचें घर होतें, परंतु तें पडलें किंवा पाडण्यांत आलें, व नवें होईपर्यंत कोठें तरी राहणें भाग आहे. या प्रश्नाचें मूळ सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत उद्भवलेल्या प्लेगांत आहे. दाट वस्तींत रोग फैलावतो म्हणून १८९८ च्या कायद्यानें सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टानें रुंद रस्ते काढले, नागपाड्यासारख्या भागांतील कोंदट घरें पाडलीं, दादर-माटुंग्याकडे नवी वस्ती आंखली. पण पाडणें जितकें लौकर होतें तितकें बांधणें होत नाहीं, आणि उठविलेले गरीब शेजारच्याच चाळींत दाटीवाटीनें शिरले. म्हणजे ज्या दाटीवर औषध काढलें तीच वाढली. पुढें १९२० च्या सुमारास गव्हर्नर लॉइड यांच्या कारकीर्दींत डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें ५० हजार खोल्यांचा संकल्प सोडला. उठल्या २०७ चाळी, प्रत्येकींत ८० खोल्या. वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथील याच त्या बीडीडी चाळी. १६० चौरस फुटांच्या खोलींत तीन-तीन पिढ्या नांदल्या. त्यांच्या जागीं ५०० चौरस फुटांचीं घरें बांधण्याचें काम २०१७ सालीं हातीं घेण्यांत आलें, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांस किल्ल्या मिळाल्या.

मधल्या काळांतील या वस्तीस सरकारी भाषेंत संक्रमण शिबिर म्हणतात. संक्रमण म्हणजे एका स्थानाहून दुसऱ्या स्थानीं जाणें. सूर्याचें संक्रमण एका दिवसांत होतें, मुंबईच्या भाडेकरूचें कधीं कधीं एका जन्मांत होत नाहीं! असें कां व्हावें हें समजण्यास भाड्याच्या कायद्याकडे वळावें लागतें.

पहिल्या महायुद्धाच्या काळीं गिरण्या जोरांत चालल्या, माणसें वाढलीं, घरें मात्र वाढलीं नाहींत, व मालकांनीं भाडीं चढविलीं. तेव्हां १९१८ सालीं मुंबई सरकारनें पहिला भाडे-नियंत्रण कायदा केला. दुसऱ्या युद्धांत तेंच झालें, आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर १९४७ चा कायदा आला. त्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तेंच सामान्यतः ‘प्रमाण भाडें’ ठरविलें, व तें देणाऱ्या भाडेकरूस सबळ कारणावांचून काढतां येणार नाहीं असें केलें. या कायद्यानें लक्षावधि गिरणीकामगार, कारकून व आमच्यासारखे शिक्षक मुंबईंत टिकून राहिले, हें उपकार विसरतां येत नाहींत. पण भाव दसपट झाले तरी भाडें जागचें हललें नाहीं. दहा-वीस रुपये भाड्यांत मालक छपराचीं कौलें कशीं बदलणार? त्यानें दुरुस्ती सोडली, आणि नवा भाडेकरू घेतांना गुपचूप पागडी घेऊं लागला. कायद्यानें ती वर्ज्य होती, व्यवहारांत ती सर्वमान्य होती. १९९७ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानेंहि गोठलेलें भाडें आतां न्याय्य राहिलेलें नाहीं असें म्हटलें.

दुरुस्ती थांबल्याचें फळ पावसाळ्यांत दिसूं लागलें. इमारती कोसळूं लागल्या. म्हणून १९६९ सालीं दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. जुन्या इमारतींवर उपकर बसवावा व त्या पैशांतून मंडळानें दुरुस्ती करावी अशी ही योजना होती. दक्षिण व मध्य मुंबईंतील अशा उपकरप्राप्त इमारती आरंभीं १९,६४२ होत्या. इमारत धोक्याची ठरली कीं भाडेकरूंस संक्रमण शिबिरांत हलवावयाचें, नवी झाली कीं परत आणावयाचें. कागदावर हें सरळ आहे. पण कांहीं भूखंड इतके चिंचोळे कीं नव्या नियमाप्रमाणें तेथें बांधतांच येत नाहीं. कोठें मालकाचे वारस कोर्टांत भांडतात. कोठें बिल्डर अर्ध्यावर सोडून जातो. मग शिबिरांत गेलेल्याचा मुलगा तेथेंच वाढतो व त्याचें लग्नहि तेथूनच होतें. ज्यांच्या जागीं पुनः इमारत होणेंच शक्य नाहीं त्यांचीं नांवें बृहत्सूचींत घालून त्यांस इतरत्र घर देतात. ही भीति लोकांच्या मनांत इतकी बसली आहे कीं, नोटीस आली तरी ते मोडकळीस आलेली खोली सोडीत नाहींत. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं भेंडीबाजारांतील शंभराहून अधिक वर्षांची हुसैनी इमारत पडून ३३ माणसें दगावलीं. त्या इमारतींतील कांहीं कुटुंबें आधींच संक्रमण-घरांत गेलीं होतीं, कांहीं मागें राहिलीं होतीं. जीव वांचविण्यासाठीं घर सोडण्यास सांगणाऱ्यानें परतीचें वचन पाळल्याचा दाखला आधीं द्यावा लागतो. तो नसला तर नोटीस कितीहि ठळक अक्षरांत छापली तरी ती कोण मानणार?

हल्लीं चालू असलेला कायदा १९९९ चा असून तो ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. त्यानें पागडी कायदेशीर केली व भाडें दरसाल शेंकडा ४ वाढविण्याची मुभा दिली. भाडेकरू प्रमाण भाडें देत आहे किंवा देण्यास तयार आहे तोंवर थकबाकीच्या सबबीवर त्यास काढतां येत नाहीं. भाडें थकलें तरी आधीं लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावें लागतें. मालकास स्वतःच्या राहण्यासाठीं जागेची खरी गरज असणें, परवानगीवांचून पोटभाडेकरू ठेवणें, जागेची नासधूस करणें, अशीं कारणें असल्यास कोर्टाचा हुकूम मिळूं शकतो. मात्र पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूस हैराण करण्यास मनाई आहे, आणि घेतलेल्या पैशाची पावती देणें मालकावर बंधनकारक आहे.

आमचे जे विद्यार्थी शिक्षणासाठीं अगर नोकरीसाठीं बाहेर पडतात त्यांस बहुधा या जुन्या पद्धतीची भाडेकरी मिळत नाहीं. त्यांच्या वांट्यास ‘लीव्ह अँड लायसन्स’ येतें, म्हणजे ठराविक मुदतीपुरती राहण्याची परवानगी. ही परवानगी घेणारा भाडेकरू नव्हे. मुदत संपली कीं त्यानें निघालें पाहिजे. न निघाल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो, व जादा राहिलेल्या काळाबद्दल दुप्पट रक्कम भरावी लागते. यास्तव मुदतीचा रकाना वाचल्यावांचून सही करूं नये. करार लेखी व नोंदविलेला असलाच पाहिजे, आणि तो नोंदविण्याची जबाबदारी कायद्यानें मालकावर टाकली आहे. न नोंदविल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो, व वाद उपस्थित झाल्यास अटींविषयीं राहणाराचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जातें. मुंबईंत भाडेकरीचे दावे लघुवाद न्यायालयांत चालतात. जेथें असें न्यायालय नाहीं तेथें ते दिवाणी न्यायाधीशापुढें जातात.