खाडीकाठच्या धक्क्यावर वीज नेताय? आधी अंतर मोजा, मग दर विचारा

तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात कर्ली खाडीला लागून घर असले की परसापुढे होडी लावायला छोटा धक्का असतोच. होमस्टे सुरू झाला की तिथे दिवे लागतात, होडी धुवायला मोटार येते. मग घरातलीच एक वायर माडांवरून पुढे ओढली जाते. धोका तिथूनच सुरू होतो.

पाण्यात वीज उतरली तर?

समुद्राचे खारे पाणी माणसाच्या शरीरापेक्षा विजेचे चांगले वाहक आहे. त्यामुळे गळतीचा बराचसा प्रवाह शरीराला वळसा घालून जातो. गोड्या पाण्यात उलटे घडते. तिथे शरीरच सोपी वाट ठरते, स्नायू आखडतात आणि पोहता येणारा माणूसही बुडतो. पावसाळ्यात डोंगरातले पाणी आले की खाडीचा खारेपणा उतरतो. म्हणजे उन्हाळ्यात ‘काही झाले नाही’ म्हणून जुनी वायर तशीच ठेवणे चुकीचे.

साध्या एमसीबीला अशी गळती कळत नाही. १० अँपिअरचा एमसीबी वायर तापण्यापासून वाचवतो, पण माणसाच्या जिवाला त्याच्या शतांश प्रवाहही पुरतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. बोटींच्या धक्क्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात प्रत्येक सॉकेटला असे स्वतंत्र संरक्षण सांगितले आहे. स्थिर धक्क्यावर सॉकेट सर्वांत उंच पाण्याच्या पातळीपेक्षा किमान एक मीटर वर असावा. ही पातळी रोजच्या भरतीची नव्हे, उधाणाची धरा.

खर्च कुठे वाढतो?

अंतरात. समजा मीटरपासून धक्का ६० मीटर आणि भार १० अँपिअर. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये सुमारे ९ व्होल्ट वाटेतच जातात, सहाच्या केबलमध्ये पावणेचार. दिवेच असतील तर पातळ केबल चालेल, मोटार असेल तर जाड घ्यावी. वळणे आणि जोडण्या धरून ६० ऐवजी सत्तरेक मीटर केबल लागते. चर खणणे, पाइप आणि मजुरी याच लांबीवर ठरते. त्यावर केबलचा १८ टक्के जीएसटी.

खारा वारा दुसरा खर्च लावतो. उघडे तांबे हिरवे पडते, लोखंडी खोका गंजून गळतो. कल्हई केलेल्या तांब्याची केबल, प्लास्टिकचा आयपी ६६ खोका आणि ३१६ दर्जाच्या स्टीलचे स्क्रू महाग पडतात, पण दर दोन वर्षांनी काम उकरावे लागत नाही. अर्थिंगही वेगळे. देवबागची वरची वाळू उन्हाळ्यात कोरडी होते, खालची खारट ओल जीआय पाइप खाते. तिथे तांब्याचा थर दिलेला रॉड खोलवर हवा.

परवानाधारक ठेकेदाराकडून अंदाजपत्रक घेताना केबल, चर, खोके, अर्थिंग आणि आरसीसीबी वेगवेगळे लिहून घ्या. स्वस्त दरात बहुधा शेवटच्या दोन गोष्टीच गायब असतात. खरे तर दोन पोलचा चांगला आरसीसीबी साधारण दीड ते तीन हजारांत येतो. धक्का नवा असेल तर त्याची सागरी मंडळाची आणि सीआरझेडची परवानगी आधी, वायरिंग नंतर.

नुसता उजेडच हवा असेल तर सौरदिवा पुरतो, चरही वाचतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळात खांब कोसळून इथली अनेक गावे काही दिवस अंधारात होती, हेही विसरायला नको.

धक्क्याचा मुख्य स्विच मात्र घरातच ठेवा. होड्या पावसाळ्यासाठी वर ओढल्या की तो बंद करायचा, आणि एरवी महिन्यातून एकदा आरसीसीबीचे ‘टेस्ट’ बटण दाबून बघायचे.