मार्कंडा येथील शिल्पांचे छायाचित्रण आणि जुन्या मॅन्युअल फोकस लेन्सचा डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यावरील वापर

प्रस्तावना

गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा हे प्राचीन देवस्थान आहे. दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा येथे उत्तरवाहिनी होते. त्यामुळे या स्थानास तीर्थाचे महत्त्व प्राप्त झाले असून महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ व १८७४-७५ या वर्षांतील मध्य प्रांताच्या दौऱ्यांच्या अहवालात, म्हणजेच पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात, या मंदिरसमूहाचे वर्णन केले. मार्कंडेश्वर मंदिराच्या बाह्यभिंतीवर एकावर एक थरांत कोरलेल्या मूर्तींमुळे हे स्थान ‘विदर्भाचे खजुराहो’ म्हणून ओळखले जाते.

या मूर्ती ऊन, पाऊस आणि शेवाळ यांच्या माऱ्यात शतकानुशतके उभ्या आहेत. शिखरावर वीज कोसळून मंदिराची हानी झाली व गोंड राजवटीत त्याची डागडुजी झाली, असे परंपरेने सांगितले जाते. अलीकडच्या काळात जीर्णोद्धारासाठी शिखराचे दगड उतरविण्यात आले आणि ते काम अनेक वर्षे लांबले. उतरविलेला दगड पूर्वस्थानी बसविताना किंवा झिजलेल्या मूर्तीच्या हातातील आयुध ओळखताना जुने, स्पष्ट छायाचित्र हाच अनेकदा एकमेव आधार असतो. असे दस्तऐवजीकरण केवळ शासकीय यंत्रणेवर सोपवून चालणार नाही. परिसरातील महाविद्यालयांचे इतिहास विभागही ते करू शकतात. अडचण असते ती साधनांची. उत्तम प्रतीची नवी लेन्स लहान विभागास परवडत नाही. याउलट फिल्मच्या काळातील लेन्स बंद पडलेल्या फोटो स्टुडिओंच्या कपाटांत पडून असतात. अशा लेन्स डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यावर कितपत चालतात, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

माउंट आणि सेन्सर यांतील अंतर

लेन्स बसते की नाही, हा प्रश्न वरवर पाहता आट्यांचा किंवा खाचांचा वाटतो. वस्तुतः तो अंतराचा प्रश्न आहे. कॅमेऱ्याच्या ज्या कडीवर लेन्स टेकते ती कडी आणि सेन्सर यांमधील अंतर प्रत्येक पद्धतीत ठरलेले असते. एम ४२ या आट्यांच्या पद्धतीत ते ४५.४६ मिलिमीटर, कॅननच्या ईएफ पद्धतीत ४४ मिलिमीटर आणि निकॉनच्या एफ पद्धतीत ४६.५ मिलिमीटर आहे. जुन्या लेन्सचे अंतर कॅमेऱ्याच्या अंतरापेक्षा अधिक असेल, तर मधल्या फरकाइतक्या जाडीचा अडॅप्टर बसवून काम भागते. एम ४२ लेन्स कॅननवर बसविण्यास सुमारे दीड मिलिमीटर जाडीची धातूची चकती पुरते. रशियन झेनिट कॅमेऱ्यांसोबत येणारी ५८ मिलिमीटरची हेलिओस लेन्स अशा रीतीने कॅननवर विनासायास चालते.

निकॉनची गोष्ट उलट आहे. तेथे एम ४२ लेन्स सेन्सरपासून निदान १.०४ मिलिमीटर अधिक दूर राहते. ही किरकोळ वाटणारी तफावत किती महाग पडते, हे साध्या गणिताने कळते. नाभीय अंतराच्या वर्गास या जादा अंतराने भागले असता लेन्स जास्तीत जास्त किती दूरवर फोकस करू शकेल, हे अदमासे मिळते. ५० मिलिमीटरच्या लेन्ससाठी २५०० भागिले १.०४, म्हणजे सुमारे अडीच मीटर. अडॅप्टरची स्वतःची जाडी धरल्यास त्याहूनही कमी. याचा अर्थ असा, की अशा जोडणीने मार्कंड्याच्या भिंतीवरील खालच्या थरातील मूर्ती जवळ उभे राहून टिपता येईल, परंतु संपूर्ण मंदिर कधीच स्पष्ट येणार नाही. काही अडॅप्टरमध्ये यावर उपाय म्हणून एक छोटे भिंग बसविलेले असते. त्याने दूरचा फोकस साधतो, मात्र स्वस्त भिंगामुळे प्रतिमेची धार बोथट होते. चांगली लेन्स मिळवून तिच्यामागे सुमार काच लावण्यात शहाणपणा नाही.

हाच हिशेब अडॅप्टर विकत घेतानाही लक्षात ठेवावा. चकती केवळ ०.१ मिलिमीटर जाड निघाली, तरी ५० मिलिमीटरची लेन्स २५ मीटरच्या पलीकडे फोकस करू शकत नाही. कॅननच्या जुन्या एफडी लेन्सचे अंतर ४२ मिलिमीटर असल्याने त्या कॅननच्याच डिजिटल एसएलआरवर नीट चालत नाहीत, ही एक गमतीची बाब होय. १९८७ मध्ये कॅननने माउंट बदलला त्याचा हा परिणाम. निकॉनने १९५९ पासूनचा माउंट कायम ठेवला. तरीही १९७७ पूर्वीची, एआय नसलेली लेन्स डी २०० किंवा डी ७००० यांसारख्या बॉडीवर जबरदस्तीने बसविल्यास कडीजवळचा छोटा खटका मोडू शकतो. डी ४० सारख्या साध्या बॉडीवर ती बसते, परंतु तेथे प्रकाशमापन मिळत नाही.

फोकस आणि छिद्र

ऑटोफोकसच्या काळातील व्ह्यूफाइंडरचा पडदा उजळ असतो, पण फोकसची बारीक चूक तो दाखवीत नाही. जुन्या कॅमेऱ्यातील दुभंगलेल्या वर्तुळाची सोय यात नसते. १.५ पट क्रॉप असलेल्या सेन्सरवर ५० मिलिमीटरची लेन्स एफ २ वर ठेवून दोन मीटरवरील मूर्ती टिपल्यास स्पष्टतेची खोली जेमतेम १२ सेंटिमीटर मिळते. मूर्तीचे नाक स्पष्ट आणि मागची प्रभावळ धूसर, असा प्रकार घडतो. एफ ८ वर हीच खोली अर्ध्या मीटरच्या आसपास जाते. म्हणून शिल्पांसाठी एफ ८ हेच सामान्यतः योग्य छिद्र होय. जुन्या लेन्स या छिद्रावर कोपऱ्यांपर्यंत चांगली प्रतिमा देतात. मोठ्या छिद्रावरील त्यांचे दोष शिल्पनोंदीच्या कामात फारसे आडवे येत नाहीत.

अडॅप्टरवरील लेन्सचे छिद्र कॅमेरा चालवीत नाही, ते हाताने फिरवावे लागते. कॅननवर छिद्र अग्रक्रमाची पद्धत निवडल्यास कॅमेरा पडणाऱ्या प्रकाशानुसार वेग ठरवितो. फोकस मात्र मोठ्या छिद्रावर करून मग छिद्र लहान करावे. ज्या बॉडीत लाइव्ह व्ह्यू आहे, तीत पडद्यावरील प्रतिमा दहापट मोठी करून फोकस तपासणे सर्वांत खात्रीचे. ४० डी व डी ३०० या २००७ च्या कॅमेऱ्यांपासून ही सोय रुळली. आज अशा बॉडी वापरलेल्या मालात मिळतात. माणूस किंवा पक्षी टिपताना या सर्व खटाटोपास वेळ नसतो. मूर्ती मात्र हलत नाही.

स्थळावरील काही बाबी

पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत तिपाई लावण्यास पूर्वपरवानगी लागते, म्हणून बहुतेक काम हातात कॅमेरा धरूनच करावे लागते. जुन्या लेन्समध्ये कंपनरोधक नसते. पेंटॅक्सच्या के १०० डी (२००६) व नंतरच्या अनेक बॉडींत ही योजना बॉडीतच असून नाभीय अंतर हाताने नोंदविल्यास जुन्या लेन्सलाही तिचा लाभ मिळतो. उथळ कोरीवकामासाठी सकाळचा किंवा सायंकाळचा तिरपा प्रकाश घ्यावा. माध्यान्हीच्या डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि अलंकार सपाट दिसतात.

गडचिरोली-चंद्रपूरच्या वनप्रदेशातील पावसाळा लेन्सचा मोठा शत्रू होय. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि चित्र फिके होते. लेन्स विकत घेताना ती छिद्र पूर्ण उघडून उजेडासमोर धरावी व आरपार पाहावी. पुढे ती चामड्याच्या बंद पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावी.

एक उणीव विशेष ध्यानात घ्यावी लागते. साध्या अडॅप्टरवरील लेन्सची माहिती कॅमेऱ्यास मिळत नाही. परिणामी छायाचित्राच्या फाइलमध्ये छिद्र व नाभीय अंतर यांची खरी नोंद होत नाही. कोणती मूर्ती, कोणत्या बाजूच्या भिंतीवरील, कोणत्या थरातील, हे तर कॅमेरा कधीच सांगत नाही. त्यामुळे प्रत्येक छायाचित्राचा क्रमांक, भिंतीची दिशा, थर, लेन्स, छिद्र, अंतर आणि वेळ यांची वही जागेवरच भरावी व किमान एका चित्रात मोजपट्टी मूर्तीला न टेकविता तिच्या प्रतलात धरावी.