बिदागी मैफलीची, वेतन रियाजाचे

गवयाला पैसा दोन वाटांनी मिळतो. एक मैफलीची बिदागी आणि दुसरे दरमहाचे वेतन. बिदागी गाण्याची असते. वेतन मात्र, नीट पाहिले तर, न गाण्याचे असते. बडोद्याच्या जुन्या घरांतून कलावंत कारखान्याच्या गोष्टी अजून निघतात. गाणारे, वाजविणारे, नाचणारे अशा साऱ्यांना त्या खात्यातून महिन्याचा पगार मिळे. माझे वडील मिसरूड फुटण्याच्या वयात, संस्थानाच्या अगदी अखेरच्या वर्षांत, तिथे लागले. १९४९ साली संस्थान विलीन झाले. पुढे जन्मभर ते म्हणत, "दरबारात गाणे महिन्यातून दोन वेळा. बाकीचे दिवस सरकार आमच्या रियाजाचे पैसे मोजी." दरबार उठल्यावर रसिकांनी तिकिटे काढून मैफली ऐकल्या, हे त्यांचे उपकारच. पण रियाजाला तिकीट कोण काढणार?

हे सारे आठवण्याचे कारण गाणे नव्हे, इस्पितळ आहे. इस्पितळाला देणगी द्यायची म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे खाटा, खोली, रुग्णवाहिका ह्या गोष्टी येतात. त्या हव्यातच. परंतु ती मैफलीची बिदागी झाली. दिली आणि लगेच दिसली. त्याच इस्पितळात एखादा डॉक्टर वर्षानुवर्षे रोग्यांच्या नोंदी ठेवीत, एकाला औषध लागू पडते आणि दुसऱ्याला का पडत नाही ह्याचा छडा लावीत बसलेला असतो. तो त्याचा रियाज. सरकारचा पैसा येतो तो बहुधा ठरलेल्या विषयाला आणि ठरलेल्या मुदतीपुरता. औषधी कंपनीचा पैसा विक्रीची आशा असेल तिकडे वळतो. नुसत्या शंकेच्या मागे चार वर्षे जाणाऱ्याला हात द्यायचा, तर तो दात्यानेच.

ह्याचा मोठा दाखला पोलिओचा आहे. गोष्ट अमेरिकेतली, पण तिचे फळ आपल्या घराघरांतील पाळण्यापर्यंत पोचले, म्हणून सांगतो. अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांना १९२१ साली ह्या रोगाने पांगळे केले. १९३५ मध्ये दोन लसींचे प्रयोग झाले, ते फसले आणि काही मुलांच्या जिवावर बेतले. तरीही १९३८ च्या जानेवारीत रूझवेल्ट ह्यांनी पोलिओसाठी एक राष्ट्रीय प्रतिष्ठान उभे केले. पैसा मागायला पुढे आला तो रंगभूमीवरचा एक नट आणि गायक, एडी कँटर. प्रत्येकाने दहा सेंटचे एक नाणे थेट अध्यक्षांच्या निवासस्थानी पाठवावे, असे त्याने रेडिओवरून सांगितले. सुमारे २६ लाख ८० हजार नाणी टपालाने आली! धनिकांच्या थैल्या नव्हेत. शाळकरी पोरांची, गिरणीतल्या कामगारांची, विधवांची ती नाणी होती.

त्या पैशाचे काय झाले? बॉस्टनच्या मुलांच्या इस्पितळात जॉन एंडर्स आणि त्यांचे दोन तरुण साथीदार, वेलर व रॉबिन्स, हे विषाणूंवर काम करीत होते. खर्च ह्या प्रतिष्ठानाचा. परंतु पोलिओच करा, असा हट्ट नव्हता. १९४८ साली वेलर कांजिण्यांचा विषाणू वाढविण्याच्या खटपटीत होते. काही नळ्या उरल्या. शीतपेटीत पोलिओचा विषाणू पडून होता, तो त्यांत घालून पाहिला, आणि तो वाढला! तोवर हा विषाणू मज्जातंतूंखेरीज अन्यत्र वाढत नाही असाच समज होता. तो समज मोडला, आणि लसीसाठी विषाणू मुबलक वाढविण्याची वाट मोकळी झाली. १९५४ साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. रियाजात एखादी जागा सापडावी, तशी ही सापडली. त्यांनी दर महिन्याला लसीचा हिशेब मागणारा यजमान गाठला असता, तर त्या उरलेल्या नळ्या धुऊन ठेवल्या गेल्या असत्या.

पुढे पिट्सबर्गच्या म्युनिसिपल इस्पितळात जोनास साल्क ह्यांनी लस सिद्ध केली. पोलिओची मुले त्याच इमारतीत खाटांवर होती. १९५४ साली सुमारे १८ लाख मुलांवर तिची पारख झाली आणि १२ एप्रिल १९५५ रोजी निकाल जाहीर झाला. आपल्याकडे जे दोन थेंब पाजतात, ते आल्बर्ट सेबिन ह्यांचे. ते १९३९ पासून सिनसिनाटीच्या मुलांच्या इस्पितळाच्या संशोधनसंस्थेत होते. तीही संस्था देणगीतून उभी राहिलेली, आणि दाता कोण, तर साबणाचा कारखानदार प्रॉक्टर. सेबिन ह्यांच्या थेंबांची मोठी चाचणी १९५९ साली सोव्हिएत देशात झाली. १९३९ ते १९५९! वीस वर्षे आपल्याकडे एका गवयाच्या तालमीलाही पुरतात.

माझ्याकडे पेटी शिकायला एक गृहस्थ येतात. माझ्याच वयाचे आहेत, एका पायाला लोखंडी पट्ट्या. पायपेटी त्यांना कधी वाजविता आली नाही, हातपेटी मात्र झकास वाजवितात. आज दहा-बारा वर्षांची जी पोरे वर्गात येतात, त्यांच्यात असा एकही पाय नाही. भारतात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रोगी २०११ च्या जानेवारीत आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त ठरला.

आता घरची गोष्ट. आमच्या मंडळाने यंदा एका इस्पितळाच्या मदतीसाठी गाण्याचा कार्यक्रम केला. बैठकीत बहुतेकांचे मत पडले की थंड पाण्याचे यंत्र द्यावे आणि त्यावर मंडळाचे नाव घालावे. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंचे मागणे वेगळे होते. क्षयाचे जे रोगी औषध अर्धवट सोडतात, त्यांच्या घरी जाऊन कारण विचारून लिहून आणणारा एक माणूस, दोन वर्षांसाठी. "त्यावर नाव कुठे घालणार?" असे आमच्या खजिनदारांनी विचारले. प्रश्न चेष्टेचा नव्हता, आणि बैठक निर्णयाविना उठली. पुढच्या रविवारी पुन्हा बसायचे आहे. माझे मत मी बाईंच्या बाजूने देणार आहे.

वाचकांस एवढेच सुचवितो. डोळे मिटून देऊ नका. कामाला नीतिसमितीची मान्यता आहे काय, रोग्याची संमती घेतात काय, दरवर्षी हिशेब दाखवितात काय, आणि प्रयोग फसला तरी निकाल छापणार काय, हे आधी विचारा. उत्तरे सरळ मिळाली, तर देणगीच्या पावतीवर "संशोधनाकरिता" हा शब्द लिहून घ्या, आणि मग फळ कधी येते म्हणून दर महिन्याला दार ठोठावू नका. रक्कम शंभर रुपयांची असली तरी चालेल.