जुन्या बोल्ट-अॅक्शन शिकारी रायफलीसाठी काडतुसांची हातभरणी : सुरक्षिततेचा एक अभ्यास

प्रस्तावना :
वापरलेल्या काडतुसाच्या पितळी पुंगळीत नवा प्रायमर, मोजलेली धूरविरहित दारू व नवी गोळी बसवून काडतूस पुन्हा तयार करणे म्हणजे हातभरणी होय. अमेरिकेत अनेक शिकारी व नेमबाज हा छंद जोपासतात. भारतात मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीवरही बंदी असून तिला मोजकेच अपवाद आहेत. त्यामुळे आपल्याकडे हा विषय व्यवहाराचा नसून अभ्यासाचा आहे. पदार्थविज्ञान, धातुशास्त्र व मानवी निर्णयप्रक्रिया यांचा त्यात संगम होतो. जुनी रायफल व हाताने भरलेले काडतूस एकत्र आल्यावर सुरक्षितता कशावर अवलंबून असते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी अमेरिकेच्या १९०३ च्या 'स्प्रिंगफील्ड' रायफलीचे उदाहरण घेतले आहे.

'स्प्रिंगफील्ड'चा धडा :
ही मूळची लष्करी रायफल. पुढे अशा असंख्य रायफली नागरिकांच्या हाती आल्या व त्यांचे रूपांतर शिकारी रायफलींत झाले. १९१७ मध्ये काही रायफलींचे रिसीव्हर गोळी झाडताना फुटले. बोल्टला धरून ठेवणारा मुख्य पोलादी भाग म्हणजे रिसीव्हर. चौकशीत दोष भट्टीपर्यंत पोहोचला. तापलेल्या पोलादाचा रंग पाहून अनुभवी कारागीर तापमान ठरवीत असत. परंतु लख्ख उन्हाच्या दिवशी त्यांना 'योग्य' वाटणारे तापमान ढगाळ दिवसापेक्षा ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत अधिक असल्याचे आढळले. अतितप्त झालेले पोलाद ठिसूळ बनत होते. त्यानंतर भट्टीवर पायरोमीटर आले व १९१८ मध्ये दुहेरी उष्णताप्रक्रिया स्वीकारली गेली. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० च्या आतील व रॉक आयलंड कारखान्याच्या २,८५,५०७ च्या आतील क्रमांकांच्या रायफली तेव्हापासून संशयास्पद मानल्या जातात. त्यांतील प्रत्येक रायफल सदोष आहे असे नाही. मात्र सदोष कोणती, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

पुंगळीचे महत्त्व :
येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. 'दारू थोडी कमी भरली की जुनी रायफल सुरक्षित होते' असे अनेकांना वाटते. वस्तुतः अनेक अपघातांत सदोष पितळी पुंगळी मागील बाजूस फाटली व तप्त वायू रिसीव्हरमध्ये घुसला. चिवट पोलाद असा आघात बहुधा सहन करते. ठिसूळ पोलादाचे तुकडे होतात. म्हणजेच सौम्य भरणीतही पुंगळी फाटली तर धोका कायम राहतो. बोल्ट व चेंबर यांच्यात काडतुसासाठी असलेले अंतर, म्हणजे हेडस्पेस, झिजेमुळे वाढले असेल तर पुंगळी तळाजवळ ताणली जाते. पुन्हा पुन्हा वापरलेली पुंगळी तेथेच तुटण्याची शक्यता असते. शिवाय काही मंदज्वलनशील दारू प्रमाणाबाहेर कमी भरल्यासही अनपेक्षित दाब निर्माण होऊ शकतो.

अंदाज व मोजमाप :
प्रायमर चपटा होणे, बोल्ट जड उघडणे ही अधिक दाबाची चिन्हे मानली जातात. परंतु ती दिसेपर्यंत दाब जुन्या पोलादाच्या मर्यादेपलीकडे गेलेला असू शकतो. या चिन्हांवर विसंबणारा छांदिष्ट नकळत भट्टीवरच्या त्या कारागिराचीच चूक करतो. म्हणून क्रम ठरलेला असावा. प्रथम रायफलीचा क्रमांक पाहावा; जाणकार बंदूक-कारागिराकडून हेडस्पेस गेजने तपासून घ्यावा व नळीचा नेमका व्यास मोजून घ्यावा. जुन्या ८ मिलिमीटर जर्मन रायफलींत ०.३१८ व ०.३२३ इंच अशा दोन व्यासांच्या गोळ्या प्रचलित होत्या. मोठी गोळी लहान नळीत गेल्यास दाब धोकादायक वाढतो. त्यानंतरच दारू-उत्पादकाच्या प्रकाशित तक्त्यातील आरंभीची भरणी, अचूक तराजू व घटकांची अदलाबदल न करण्याचे पथ्य यांचा विचार येतो. क्रोनोग्राफवर मोजलेला गोळीचा वेग तक्त्यापेक्षा अधिक आढळल्यास तेथेच थांबावे.

निष्कर्ष :
१) हातभरणीतील पहिला प्रश्न 'दारू किती' हा नसून 'ही रायफल झाडावी काय' हा आहे.
२) दारूची मात्रा घटवून ठिसूळ पोलाद चिवट होत नाही. संशयित क्रमांकाची रायफल न झाडता जतन करणे हाच सुरक्षित मार्ग होय.
३) अनुभव मोलाचा असला तरी तो मोजमापाची जागा घेऊ शकत नाही. १९१७ मधील कारागीर अननुभवी नव्हते. त्यांच्या हाती मापक नव्हते. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना शिकविताना आपणा अध्यापकांसही हा धडा तितकाच उपयुक्त आहे.