भाऊसाहेबांचे प्रदर्शन

डिसेंबर संपत आला की अमरावतीत भाऊसाहेब भिंतींवर येतात. 27 डिसेंबर ही डॉ. पंजाबराव देशमुखांची जयंती. श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांत हार, व्याख्याने, आणि ग्रंथालयांत ग्रंथप्रदर्शन: चरित्रे, गौरवग्रंथ, जुनी छायाचित्रे. फलकांचा क्रम वऱ्हाडातल्या पोरांना तोंडपाठ असतो. 1898 मध्ये पापळला जन्म, वडील शामरावांनी जमीन गहाण टाकून विलायतेला धाडणे, बॅरिस्टरी, ऑक्सफर्डची डॉक्टरेट, शिक्षण संस्था, कृषिमंत्रिपद, 1965 मध्ये निधन.

क्रम बरोबर आहे. पण त्यात माणूस फारच गुळगुळीत होतो.

'देशाचे पहिले कृषिमंत्री' हेच बिरुद घ्या. अन्न व शेतीचे खाते आधी राजेंद्रप्रसादांकडे, मग जयरामदास दौलतराम आणि कन्हैयालाल मुनशींकडे होते. पंजाबराव मंत्री झाले 1952 मध्ये, अमरावतीतून लोकसभेवर निवडून आल्यावर. वरचे ज्येष्ठ मंत्री बदलत गेले, किडवाई, अजितप्रसाद जैन, स. का. पाटील, पंजाबराव मात्र 1962 पर्यंत शेती-सहकाराच्या कामात टिकून राहिले. कापूस-ज्वारीच्या मुलखातल्या या माणसाने देशभर भाताच्या जपानी लागवडीचा धोशा लावला होता. एवढे केलेल्याला 'पहिले'ची उसनवारी कशाला?

खरे पंजाबराव त्याच ग्रंथालयात, बहुधा वरच्या फळीवर सापडतात: संविधान सभेच्या कामकाजाच्या जाडजूड खंडांत. तिथे ते वारंवार उठतात, दुरुस्त्या सुचवतात, हरतात, पुन्हा उठतात. ऑगस्ट 1949 मध्ये नागरिकत्वाची चर्चा चालली होती. मसुद्याने नागरिकत्व फार स्वस्त केले, अशी त्यांची तक्रार. जो हिंदू किंवा शीख दुसऱ्या कुठल्या देशाचा नागरिक नाही, तो जगात कुठेही राहत असला तरी त्याला भारताचे नागरिकत्व मिळावे, अशी त्यांची दुरुस्ती होती. सभेने ती फेटाळली. मसुदा मांडणारे होते डॉ. आंबेडकर, आणि हेच दोघे 1927 मध्ये अमरावतीत अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी एका बाजूला होते. त्याच वर्षी पंजाबरावांनी जातीबाहेर, विमलाबाईंशी लग्न केले. त्या पुढे राज्यसभेवर गेल्या. मंदिर आणि नागरिकत्व, दोन्ही पाने शेजारी उघडी ठेवली तर बघणारा थबकेल. पण जयंतीच्या टेबलावर सहसा पहिलेच येते, आणि ते समजण्यासारखे आहे. हारतुऱ्यांच्या दिवशी वाद कोण मांडतो!

गंमत म्हणजे स्वतः भाऊसाहेब प्रदर्शनांचे मोठे शौकीन. 1955 मध्ये त्यांनी भारत कृषक समाज उभा केला आणि त्या समाजातर्फे दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. 11 डिसेंबर 1959 रोजी ते सुरू झाले तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर हजर होते. शीतयुद्धाचे दिवस, आणि अमेरिका व सोव्हिएत रशिया एकाच मैदानावर आपापली शेती मांडून बसलेले. परदेशातली शेती आपल्या कास्तकाराने पुस्तकात वाचण्यापेक्षा डोळ्यांनी बघावी, हा त्यामागचा हिशेब. बॅरिस्टर आणि वैदिक धर्मावर प्रबंध लिहिलेला हा पंडित, पण शेतकऱ्यापर्यंत पोचायला त्याने पोथी नव्हे, जत्रा निवडली.

अकोल्यात ती जत्रा चालू आहे. 20 ऑक्टोबर 1969 रोजी स्थापन झालेले कृषी विद्यापीठ त्यांच्या नावाचे आहे, आणि जयंतीला जोडून तिथे ॲग्रोटेक हे कृषी प्रदर्शन भरते. तिथे शेतकऱ्यांना हवे असते वाण, अवजार, फवारणीचे यंत्र आणि संत्र्याची फळगळ थांबवणारा एखादा उपाय. कापसाच्या कुठल्या वाणाला बोंडअळी कमी लागते, हे तिथल्या शास्त्रज्ञाला चार जण चार तऱ्हांनी विचारतात, आणि उत्तर पटले नाही तर तोंडावर सांगतात.