आचरेकर सर कोण होते?

मीरा रोडहून दादरला सामना खेळायला गेलेल्या आमच्या मुलांपैकी एकाने शिवाजी पार्कातलं स्मारक पाहिलं आणि विचारलं, "दादा, आचरेकर सर कोण?" म्हणून ही पोस्ट.

रमाकांत आचरेकर, मूळ मालवणचे. सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, अजित आगरकर यांचे क्रिकेटचे गुरू. १९९० ला द्रोणाचार्य पुरस्कार, २०१० ला पद्मश्री.

मला त्यांची शिकवण्याची पद्धत फार मोलाची वाटते. सराव संपत आला, सचिन दमला, की सर यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवत. सचिनला बाद करेल त्याचं नाणं. कुणालाच जमलं नाही तर सचिनचं. अशी १३ नाणी त्याने जपून ठेवली आहेत. अंग थकल्यावरही लक्ष ढळू द्यायचं नाही, हे त्यातून अंगवळणी पडतं. शिवाय सर सचिनला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या सामन्याला न्यायचे!

२ जानेवारी २०१९ ला सर गेले. अंत्ययात्रेत सचिनने खांदा दिला, शिवाजी पार्कच्या मुलांनी बॅट उंचावून मानवंदना दिली. आजही त्या मानवंदनेचा व्हिडिओ पाहिला तरी माझे डोळे भरतात.

स्मारक पाच नंबर गेटजवळ आहे, ३ डिसेंबर २०२४ ला त्याचं अनावरण झालं. मुलांना जरूर दाखवा. सरांच्या सरावपद्धतीबद्दल काही विचारायचं असेल तर खाली लिहा, मला जमेल तेवढं सांगेन.