रूपांतरातील शेवटाचा प्रश्न
एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (१८९८) या कादंबरीवर स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी २००५ साली भव्य खर्चाचा चित्रपट काढला. अजिंक्य आक्रमक सूक्ष्म जंतूंमुळे अकस्मात मरतात, हा शेवट अनेक प्रेक्षकांना पोकळ वाटला. वस्तुतः तो मूळ कादंबरीचाच शेवट होय. परंतु वेल्स यांनी आरंभीच टास्मानियातील मूळ रहिवाशांच्या संहाराचे स्मरण देऊन साम्राज्यमत्त इंग्लंडला जितांच्या जागी उभे केले होते. म्हणून तेथे जंतूंचा विजय मानवी अहंकाराचाही पराभव ठरतो. चित्रपटाचे लक्ष मुलांना वाचवू पाहणाऱ्या बापावर खिळलेले आहे; त्याच्या धडपडीतून हा शेवट उद्भवत नाही. प्रेक्षकांची तक्रार म्हणूनच निराधार नव्हे. रूपांतराने घटना जपली. तिला अर्थ देणारी भूमिका मात्र मागेच राहिली.